भंगारवाला ट्यूब फुकट का नेतो?

प्रश्न : चाकणजवळ खराबवाडीत आमचा गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. मी मेंटेनन्स बघतो. दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही शेडमधल्या जुन्या ट्यूब आणि हायबे दिवे काढून एलईडी बसवायचं ठरलं आहे. साडेसातशेच्या आसपास ट्यूब निघतील. एलईडीचा ठेकेदार म्हणतो, ‘जुना माल आम्ही उचलतो, तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका.’ आमचा नेहमीचा भंगारवाला म्हणतो, पट्ट्यांचे पैसे देतो, ट्यूब फुकट नेतो. ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) खात्याच्या मॅडम मात्र गेटपासवर सही करायला तयार नाहीत. बरोबर कोण?

उत्तर : मॅडम बरोबर आहेत. ठेकेदार बरोबर असू शकतो, पण ते त्याने कागदावर दाखवायला हवं. भंगारवाला बरोबर नाही. मात्र तो नेमकं काय करतो ते समजलं, तर निम्मा कायदा आपोआप समजतो. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

जुन्या पट्टीत भंगारवाल्याला तीन वस्तू दिसतात : पत्रा, चोक आणि ट्यूब. पत्रा लोखंडाच्या भावाने जातो. चोकमध्ये तांब्याची तार असते, स्वस्तातल्या चोकमध्ये अ‍ॅल्युमिनियमची. त्याचा खरा जीव तिथे. ट्यूब म्हणजे काच, दोन टोकांना टोप्या आणि आतून पांढऱ्या पुडीचा लेप. या काचेला भंगार बाजारात कुणी विचारत नाही. चोक हातात पडावा म्हणून तो ट्यूबची अडगळ सोसतो, इतकाच ‘फुकट’चा अर्थ. आणि या अडगळीचं काय करायचं ते टेम्पो भरतानाच ठरलेलं असतं. चार फुटी ट्यूब छोट्या टेम्पोत जागा खातात. मग त्या गोणीत भरायच्या आणि वरून दांडक्याने ठेचायच्या. ट्यूबच्या आत हवा जवळजवळ नसते, त्यामुळे काच आतल्या बाजूला दबून फुटते आणि ‘फट्’ असा जोरदार आवाज येतो. हेल्पर पोरांना त्याची गंमत वाटते. गोणीच्या तोंडातून पांढरी पूड उडते आणि जुन्या ट्यूबमधला बराचसा पारा त्या पुडीतच मुरलेला असतो.

पारा किती? आपल्या ई-कचरा नियमांनी नेहमीच्या बारीक ट्यूबला, म्हणजे टी-8 ला, 3.5 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातलेली आहे. तुमच्या शेडमध्ये त्याआधीच्या जाड्या ट्यूब असतील तर प्रत्येकीत याहून बराच जास्त निघू शकतो. तरी कमीत कमी धरू. 750 ट्यूब गुणिले 3.5 म्हणजे 2,625 मिलिग्रॅम, सुमारे 2.6 ग्रॅम. तापाच्या चार-पाच जुन्या थर्मामीटरमध्ये असतो तेवढा. ऐकायला काहीच नाही. पण कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीने कामाच्या जागेच्या हवेत पाऱ्याची मर्यादा घातली होती ती घनमीटरला 0.05 मिलिग्रॅम. 50 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 10 मीटर उंच शेड धरली तर तिच्यात 15,000 घनमीटर हवा मावते. तुमचे 2.6 ग्रॅम तिच्यात पसरले तर मर्यादेच्या साडेतीन पट होतात.

हा कागदावरचा हिशेब झाला. सगळा पारा एकदम उडत नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात 2003 साली झालेल्या एका अभ्यासात फुटलेल्या ट्यूबमधला 17 ते 40 टक्के पारा दोन आठवड्यांत हवेत गेलेला आढळला आणि त्यातला एक तृतीयांश पहिल्या आठ तासांत. उष्णता जितकी जास्त तितका वेग जास्त. म्हणून एक ट्यूब हातातून निसटली तर कुणी घाबरून जाण्याचं कारण नाही. पण बंद खोलीत बसून दिवसभर गोण्या ठेचणाऱ्याची गोष्ट वेगळी. पाऱ्याची विषबाधा कारखाना अधिनियमात सरकारला कळवलेच पाहिजेत अशा आजारांच्या यादीत होती, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. फक्त ठेचणारा तुमच्या मस्टरवर नसतो, त्यामुळे तो आजार कळवायची वेळ कुणावरच येत नाही.

आता कायदा. ट्यूब ही दोन नियमांच्या मधल्या बांधावर उगवलेली वस्तू आहे आणि गोंधळ तिथूनच होतो.

पहिला नियम ई-कचऱ्याचा. 2016 च्या नियमांच्या यादीत जेमतेम 21 वस्तू होत्या. त्यांतही फ्लुरोसंट आणि पारा असलेले इतर दिवे होतेच. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या 2022 च्या नियमांत ही यादी 106 वर गेली. या नियमांत ‘बल्क कन्झ्युमर’ म्हणजे आर्थिक वर्षात कोणत्याही वेळी यादीतली किमान एक हजार उपकरणं वापरणारी संस्था. पुष्कळ कारखाने इथे फसतात. ते फक्त ट्यूब मोजतात आणि म्हणतात, आमच्या साडेसातशेच. नियम सगळ्या यादीची बेरीज मागतो : संगणक, प्रिंटर, फोन, एसी, फ्रीज, सगळं. तुमच्या ऑफिसात आणि लाइनवर मिळून अडीचशे नग निघणार नाहीत का? एकदा हजाराचा आकडा गाठला की तुमचा ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रीकरण करणारा यांच्याच हाती गेला पाहिजे. भंगारवाला या तिघांत बसत नाही, तुमच्याकडे तो वीस वर्षं येत असला तरी. ठेकेदाराला एकच विचारा : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर तुमचं किंवा ज्यांना माल देणार त्यांचं नाव कुठे आहे? दाखवलं तर आनंदाने माल द्या आणि पावती घ्या. ‘साहेब, आमचा माणूस आहे’ हे उत्तर आलं तर तो माणूस कोण, ते ओळखायला तुम्हाला वेळ लागणार नाही.

दुसरा नियम 2016 चा घातक कचऱ्याचा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत ट्यूबचं नाव घेतलेलं नाही. तुमच्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात याच अनुसूचीतल्या क्रमांक 5.1 खाली वापरलेलं तेल असेल, 33.1 खाली रिकामे ड्रम, रंगकाम असेल तर 21.1 चा रंगाचा गाळ आणि 35.3 चा सांडपाणी प्रक्रियेचा (ईटीपीचा) गाळ. ट्यूब शोधून सापडायची नाही. पण दुसऱ्या अनुसूचीत पाऱ्याची मर्यादा दिली आहे. अख्खी ट्यूब काचेच्या वजनामुळे कदाचित तिच्याखाली राहील; तिच्यातली झाडून गोळा केलेली पूड सहसा राहत नाही. म्हणजे ट्यूब शाबूत आहे तोवर ई-कचरा, आणि आवारात फोडून पूड साठवलीत की तुम्ही स्वतःच घातक कचरा तयार केलात. त्याला परवानगी लागते, लेबल लागतं, 90 दिवसांच्या आत बाहेर काढावा लागतो, सात प्रतींचं मॅनिफेस्ट लागतं आणि 30 जूनच्या वार्षिक विवरणात दाखवावा लागतो. काही विक्रेते ड्रमवर बसवायचं ट्यूब ठेचायचं यंत्र घेऊन येतात आणि ‘जागा वाचेल’ म्हणतात. त्याचा फिल्टर वापरून झाला की तोही पारा लागलेला कचराच. मंडळाकडून लेखी परवानगी घेतल्याशिवाय त्याच्या नादी लागू नका.

जबाबदारी कुणाची, हे पर्यावरण संरक्षण अधिनियमाने 1986 मध्येच सांगून ठेवलं आहे. कारखान्याच्या कारभारावर ज्याचं नियंत्रण तो भोगवटादार. आणि एखाद्या पदार्थाच्या बाबतीत, तो ज्याच्या ताब्यात तोसुद्धा. यातलं ‘सुद्धा’ महत्त्वाचं. टेम्पो गेटबाहेर पडला की भंगारवाला गुंततो, पण तुम्ही सुटत नाही. घातक कचऱ्याच्या नियम 23 प्रमाणे चुकीच्या हाताळणीने पर्यावरणाचं किंवा तिसऱ्या माणसाचं जे नुकसान होईल ते भोगवटादाराच्या माथी. शिक्षा पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी होती. जनविश्वास कायद्याने 1 एप्रिल 2024 पासून तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला आणि उल्लंघन चालूच राहिलं तर रोजचा वेगळा. तुरुंगाची भीती गेली म्हणून काही मालकांनी सुटकेचा श्वास सोडला. माझ्या मते उलट आहे. फौजदारी खटले वर्षानुवर्षं चालत. दंड ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला कोर्टाची तारीख लागत नाही.

कोडाईकॅनॉलचं उदाहरण भंगारवाल्यासाठी नव्हे, भंगार विकणाऱ्यासाठी आहे. मार्च 2001 मध्ये तिथल्या मुंजिक्कल वस्तीतल्या एका भंगाराच्या आवारात पारा लागलेली काच सापडली. ती हिंदुस्थान लीव्हरच्या थर्मामीटर कारखान्यातून आली होती. कारखाना बंद झाला, 2003 मध्ये सुमारे 290 टन पारायुक्त माल जहाजाने अमेरिकेला परत गेला आणि 591 माजी कामगारांशी तडजोड व्हायला 2016 उजाडलं. एवढ्या वर्षांत त्या भंगारवाल्याचं नाव कुणाला आठवत नाही, कंपनीचं आठवतं.

आपल्या भागातही हाच धडा जवळून पाहायला मिळाला. चिखलीच्या कुदळवाडीत भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांचं भंगार वर्षानुवर्षं उतरत होतं. आगी लागत, धुराचे लोट मोशीपर्यंत दिसत. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तिथली चार हजारांहून अधिक बांधकामं पाडली. गोदामं गेली, धंदा गेला नाही. तो कारखान्याच्या गेटवर रोज उभा आहे. आणि ज्या जमिनीवर ठेचलेली काच पडते तिथलं पावसाचं पाणी कुठल्या ना कुठल्या ओढ्याने इंद्रायणीला किंवा भामेला जातं, तिथून भीमेला. गाळातले जीवाणू पाऱ्याचं मिथाइल पारा करतात, तो माशांत साठतो. जपानमधल्या मिनामाता गावात 1956 साली समोर आलेला आजार अशाच माशांतून आला. त्या गावाच्या नावाचा जागतिक करार भारताने 18 जून 2018 रोजी मान्य केला.

आता एक गोष्ट जी पोर्टलवर सहज दिसणार नाही. 2022 च्या नियमांत उत्पादकांना आपल्या मालाच्या प्रमाणात ई-कचऱ्याचं पुनर्चक्रीकरण झाल्याची प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतात. 2025-26 साठी हे लक्ष्य 70 टक्के आहे. ही प्रमाणपत्रं मोजली जातात चार धातूंवर : सोनं, तांबं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. पारा त्यांत नाही. म्हणजे सरकारमान्य बाजारही शेवटी भंगारवाल्याच्याच काट्यावर माल तोलतो! लॅपटॉप न्यायला रिसायकलर धावत येतो, चोक न्यायला येतो, आणि ट्यूब म्हटलं की ‘किमान अमुक नग हवेत’, ‘वाहतूक तुमची’, ‘किलोला इतके रुपये द्यावे लागतील’ हे सुरू होतं. भंगार देताना उलट पैसे मोजायचे, ही कल्पना परचेस खात्याच्या गळी उतरत नाही. तुमच्या मॅडमची सही अडली आहे ती बहुधा इथेच. त्यामुळे एलईडीच्या खरेदी आदेशातच (पीओ) एक ओळ घाला : जुन्या ट्यूब आणि दिवे नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे पोचवल्याचं प्रमाणपत्र आल्यावरच शेवटचे दहा टक्के मिळतील. चोक-पट्टीचे पैसे ट्यूबच्या खर्चातून वळते करा म्हणावं. पत्रा, चोक आणि ट्यूब तिन्ही एकत्रच द्यायचे, चोक काढून ट्यूब मागे ठेवायची नाही.

सुट्टीतलं काम दोन-तीन दिवसांत उरकतं, पण माल उचलायला आठवडे लागतात. तोवर ट्यूब ठेवायच्या कुठे? नव्या एलईडी ट्यूबचे खोके फेकू नका. जुनी चार फुटी ट्यूब त्यात नेमकी बसते. आडवे रचा, पाच-सहा थरांपेक्षा उंच नको, फोर्कलिफ्टच्या वाटेपासून दूर, छताखाली, कुलपात. बाहेर पाटी, आत वही : तारीख, नग, प्रकार, कुठल्या शेडमधून. ई-कचरा साठवायला उत्पादक आणि रिसायकलर यांना 180 दिवसांची मर्यादा आहे. तुम्हीही तीच पाळा. हायबे दिवे वेगळ्या खोक्यात ठेवा. जुन्या मर्क्युरी किंवा मेटल हॅलाइड दिव्यात ट्यूबच्या कित्येक पट पारा असतो, दहा-वीस मिलिग्रॅमपासून पुढे. आणि शेवटी नग मोजून घ्या. 752 उतरल्या आणि 690 गेल्या, तर बाकीच्या 62 चा जाब ऑडिटमध्ये तुम्हालाच द्यावा लागेल.

प्रश्न : लाइनवर ट्यूब फुटली की हाउसकीपिंगच्या मावशी झाडूने झाडून घेतात. हे चुकीचं आहे का?

उत्तर : हो. कोरडा झाडू पूड हवेत उडवतो आणि ती सगळ्यात आधी वाकलेल्या मावशींच्या नाकात जाते. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट. तो पारा गरम करून मागच्या जाळीतून शेडभर फुंकतो. ट्यूब फुटली की पंखे, कूलर बंद करायचे, शटर-खिडक्या उघडायच्या, माणसांना दहा-पंधरा मिनिटं बाजूला घ्यायचं. मग हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे ओढायचे, पूड चिकटपट्टीने टिपायची आणि जागा ओल्या फडक्याने पुसायची. काच, पट्टी, फडकं, पुठ्ठा, सगळं झाकणाच्या बरणीत. ही बरणी ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात जात नाही; तिची जागा घातक कचऱ्याच्या शेडमध्ये. चाकणकडून असा माल शिक्रापूरमार्गे रांजणगावच्या सामाईक घातक कचरा प्रकल्पात, महाराष्ट्र एन्व्हायरो पॉवर लिमिटेडकडे नेता येतो. तुमचा कारखाना बहुधा आधीच तिथला सभासद असेल. मावशी ठेकेदाराच्या आहेत म्हणून हातमोजे ठेकेदारानेच द्यायचे, असा वाद मी ऐकलेला आहे. तो वाद मिटेपर्यंत मोजे तुम्ही द्या.

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचा भाड्याचा गाळा आहे. दहा-बारा कामगार. हे सगळे नियम आम्हालाही का?

उत्तर : ई-कचरा नियमांतून सूक्ष्म उद्योग वगळलेले आहेत आणि 1 एप्रिल 2025 पासून त्यांची व्याख्याही रुंदावली : गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत, उलाढाल दहा कोटींपर्यंत. भोसरीतले निम्म्याहून अधिक गाळे यात बसावेत. पण ही सूट त्या नियमांपुरती आहे, पर्यावरण संरक्षण अधिनियमापुरती नाही. गाळामालक आणि भाडेकरू यांत भोगवटादार कोण, तर ज्याच्या हाती कारभार तो, म्हणजे तुम्ही. घरातली एखादी फुटकी सीएफएल घनकचरा नियमांप्रमाणे घंटागाडीवाल्याकडे वेगळी देता येते. गाळ्यातली ट्यूब घरातली ठरत नाही. चार-पाच शेजारी गाळ्यांनी मिळून वर्षाचा माल एकत्र केला तर रिसायकलर एका फेरीत येतो. हे जमवणं अवघड नाही, शेजाऱ्याशी बोलणं मात्र हवं.

प्रश्न : आम्ही फोर्जिंग तपासतो. एमपीआयच्या (चुंबकीय कणांनी चिरा शोधण्याच्या तपासणीच्या) काळ्या दिव्यातही पारा असतो का?

उत्तर : असतो. क्रॅंकशाफ्टवरची चीर हिरवी चमकवणारा जुना 125 वॉटचा यूव्ही दिवा पाऱ्याचाच आहे. रंगकामातल्या, छपाईतल्या यूव्ही क्युरिंगच्या नळ्या आणि पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणातली यूव्ही नळीही. हे दिवे कंपनीच्या ट्यूबच्या यादीत कधी येत नाहीत, कारण ते मेंटेनन्सच्या नव्हे, क्वालिटीच्या किंवा युटिलिटीच्या ताब्यात असतात. नवा दिवा आला की जुना टेबलाच्या खणात पडतो. पुढच्या वेळी तो खण उघडून बघा.

प्रश्न : एलईडी आल्यावर ही कटकट संपली ना?

उत्तर : पाऱ्याची संपली. मिनामाता कराराच्या देशांनी 2023 मध्ये जिनिव्हाला ट्यूबच्या उत्पादनाला 2027 ची शेवटची मुदत घातली आहे, त्यामुळे येत्या काही वर्षांत राज्यभरच्या शेडमधून जुन्या ट्यूब एकाच लाटेत उतरतील. एलईडीत पारा नसतो, पण ड्रायव्हर आणि सर्किट बोर्ड असतात. निकामी झाली की तीही ई-कचऱ्यातच टाकायची. आणि तिच्यात थोडं तांबं असतं, त्यामुळे तिला न्यायला गिऱ्हाईक मिळेल.